१६ जीबीची भिंत
आज मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज. २००० आणि २००३ च्या स्टँडर्ड आवृत्तीत डेटाबेसला मर्यादा होती १६ जीबी. ती गाठली की स्टोअर बंद, अख्ख्या ऑफिसचे मेल ठप्प! जुने मेल डिलीट करूनही सुटका नाही, कारण रात्रीचं ऑनलाइन डीफ्रॅग रिकामी जागा फाइलच्या आतच गोळा करायचं. फाइल तेवढीच राहायची, आणि मोजली जायची ती फाइलच.

मग ॲडमिन डेटाबेस बंद करून 'ईएसईयूटिल' चालवणार. ते सगळं नव्या फाइलमध्ये लिहितं, म्हणजे डिस्कवर डेटाबेसच्या साधारण ११० टक्के जागा मोकळी हवी. आता ती आणायची कुठून?

२००५ मध्ये २००३ च्या सर्व्हिस पॅक २ ने मर्यादा ७५ जीबीपर्यंत नेली. पण माझ्या मते खरी सुटका दुसरीच: आतली रिकामी जागा हिशेबातून वगळली गेली.