पडक्या घराची पांढरी आणि मशीनची टिणटिण



आज पिकाचं नाही, मातीचंच पण जरा वेगळं लिहितो. गावठाणात आमचं जुनं धाब्याचं घर आहे. धाबं बसून तीस वर्षं झाली. तेव्हापासून तिथे सगळ्या भाऊबंदांचा कचरा: पत्रे, फवारणीचे मोडके पंप, ठिबकच्या नळ्या, तुटलेल्या बाजा. धाकट्या भावाचं म्हणणं, दादा, आखाजी झाली की जेसीबी लावू. एका दिवसात जागा साफ, पांढरी माती वावरात, आणि तिथे शेड.

पण वाड्यात हंडा पुरलेला आहे ही गोष्ट गावात चार पिढ्या चालत आलेली. मधल्या खणात जमीन दबलेली आहे, तिथेच हंडा, असं सगळे सांगायचे. पुतण्याने मित्राचं धातू शोधायचं मशीन आणलं. म्हटलं चला, जेसीबीच्या आधी एकदा फिरवून घेऊ.

मशीनचं काम साधं आहे. खालच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीज फिरते, जमिनीतल्या धातूत त्याने बारीक प्रवाह उठतो, तो मशीनला परत कळतो आणि टिणटिण होते. पण मशीनला सोनं आणि गुटख्याच्या पुडीची चांदी यात फारसा फरक कळत नाही. शिवाय आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, तिच्यात लोहचुंबकी कण असतात. चुलीची भाजलेली माती आली तरी ते ओरडतं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असंच यंत्र करून अंगातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. गादीतल्या लोखंडी तारांनी घोटाळा केला, गोळी काही सापडली नाही. आमचं घर म्हणजे तीच गादी. पहिल्या दिवशी नुसता पत्रा आणि खिळे.

दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली. सुतळी ताणून दहा-दहा फुटांचे चौकोन केले. जे निघेल ते चौकोनाच्या नंबरच्या पिशवीत, आणि किती वीत खोल तेही लिहायचं. पुतणा म्हणाला, "काका, भंगाराला कशाला नंबर?" मी त्याला दायमाबादची गोष्ट सांगितली.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका भिल्ल माणसाला झुडपाचं मूळ खणताना धातूच्या चार मूर्ती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोच्या वर. देशातल्या मोठ्या सापडींपैकी ही एक. बरेच तज्ज्ञ त्या मूर्ती हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात, पण काहींना ते पटत नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. कारण त्या पुराणवस्तूवाल्यांच्या खोदकामात थरासकट निघाल्या नाहीत. सोबत कोणती खापरं होती, वर कोणती माती होती, हे त्याच वेळी लिहिलं गेलं असतं तर एवढा वाद राहिला नसता. सापडणाऱ्याचा दोष नाही. पण वस्तू हातात आली आणि थर गेला, की तिची साक्ष अर्धी होते.

आपल्याकडे चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठचं बहाळ आणि तापीकाठचं प्रकाशा इथे १९५० नंतरच्या दहा वर्षांत सरकारी उत्खनन झालं, तेही अशाच जुन्या वस्तीच्या टेकाडांवर. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडं, पडक्या भिंतींची माती. म्हणून तिच्यात स्फुरद जास्त असतं, आणि म्हणूनच लोक ती वावरात टाकत आले. खत मिळतं हे खरं, पण गावचा दाखलाही ट्रॉलीत भरून जातो.

आता आमचा दाखला. वरच्या वितीत ॲल्युमिनियम, तार आणि एक नवा पैसा, म्हणजे १९५७ नंतरचा. त्याखाली भोकाचे दोन पैसे, १९४३ ते ४७ मधले; लहानपणी आम्ही ते वॉशर म्हणून वापरायचो. त्याच थरात बोल्टाची भोकं असलेला नांगराचा फाळ आणि मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. आमच्या घरी तो आला तेव्हा मोट अजून चालू होती, हे तिथे कळलं. अजून खाली लाकडी नांगराचा पहारीसारखा फाळ, आणि तांब्याचा एक पाव आणा. त्यावर राणीच्या नावापुढे क्वीन आहे. १८७७ पासून एम्प्रेस छापू लागले, म्हणजे नाणं त्याआधीचं.

पण सगळ्यात जास्त निघालं ते बैलांच्या पत्र्या. अख्ख्या आणि तुटक्या मिळून एकशे चाळीस. सोबत गाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे आणि खिळी. नांगराच्या बैलाला पत्री लागत नाही, ती लागते रस्त्यावर चालणाऱ्याला. आम्ही आजवर सांगत आलो की आपण पहिल्यापासून मोठे जमीनवाले. माय ऐंशीची आहे. पत्र्यांचं टोपलं बघून ती सहज म्हणाली, "अरे बापू, तुझ्या आज्याचा बाप भाड्याने कापसाच्या गाड्या हाकायचा. ते सांगायची लाज वाटायची तुमच्या बापाला." चाळीसगाव-जळगावकडची रेल्वे १८६० च्या दशकात आली आणि धुळ्याचा फाटा १९०० साली. तोवर इकडचा कापूस स्टेशनापर्यंत गाडीनेच जायचा. आमचं पहिलं वावर बहुतेक त्या भाड्याच्या पैशातलं.

राहिला दबलेला खण. तिथे मशीन गप्प. तरी गावातले दहा जण बघायला उभे. एक विचारतो, "काय भाऊ, हंडा सापडना का?" हळूहळू माती काढली तर वर अरुंद आणि आत रुंद असं पेव निघालं. काठाला जळक्या कडब्याची काळी रेघ, तळाला भुसा. आम्ही दोन दिवस ते उघडं ठेवलं आणि मगच कोणी वाकलं. पेवात कोंडलेल्या हवेने माणसं मेलेली आहेत, हे ध्यानात ठेवा. दाण्याच्या श्वासाने आतला प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. आजच्या हवाबंद पिशवीचं तत्त्व तेच. मोठी माय सांगायची की छपन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० ला, घर ज्वारीवर तगलं. हंडा तो हाच. फक्त दाण्याला मशीन वाजत नाही.

शेतकरी मित्रांनो, चार कामाच्या गोष्टी. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं धन निघालं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित टेकाडावर मशीन किंवा फावडं नेऊच नका. गुप्तधनासाठी अघोरी विधी करणारा कोणी दारात आला तर २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, सरळ पोलिसांना सांगा. आणि पांढरी वावरात टाकायची असेल तर आधी तार-खिळे वेचा. ते चाऱ्यातून गुराच्या पोटात गेले तर जनावर हातचं जातं.

भावाशी बोलणं झालं. जेसीबी आला, कचरा गेला, शेडही होतंय. मधला खण मात्र सोडलाय, पेवावर फरशी टाकून. पत्र्यांचं टोपलं ओट्यावर ठेवलंय. पुतण्याने त्यावर पाटी लावली: "आपली पहिली कमाई." थोरले नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाहुण्याला तेच दाखवत होते.

तुमच्या गावात पेव भरलेलं पाहिलेली म्हातारी माणसं असतील, तर या पावसाळ्याआधी विचारून लिहून ठेवा.