उल्हासच्या खाडीतला मासा आणि त्याच्या अंगातली नोंद

मोहन्याला उल्हास नदीवर जो बंधारा आहे, त्याला सगळे अजून एनआरसीचा बंधारा म्हणतात. कारखाना २००९ पासून बंद आहे, पण नाव सुटलेले नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदींतही नमुना घेण्याचे ठिकाण त्याच नावाने लिहिलेले असते. बंधाऱ्याच्या वर गोडे पाणी, जे कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येते. खाली उतरले की काळू नदी येऊन मिळते, भरती-ओहोटीचा अंमल सुरू होतो, आणि ते पाणी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीकडेही जातो.

मी रसायनशास्त्र शिकवण्यात उमेद घालवली आणि राहिलो याच परिसरात. त्यामुळे एक प्रश्न मला नेहमी जवळचा वाटत आला: या खाडीतला मासा खातो काय आणि वाढतो कुठे, हे माणसाला कळते कसे? प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. इथल्या गाळात पारा आहे. मासा गाळातले खातो की भरतीबरोबर आलेले खातो, यावर त्यातला किती पारा आपल्या ताटात येणार हे ठरते.

पूर्वीची रीत म्हणजे माशाचे पोट फाडून पाहणे. फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात भारतातल्या माशांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या पिढ्यांनी जातीजातीच्या माशांच्या पोटातल्या कोळंबीच्या सोंडा, खवले, शेवाळ मोजून तक्ते केले. हे काम चिकाटीचे आणि आजही आवश्यक आहे. पण पोटात दिसते ते शेवटचे जेवण. कवच उशिरा विरघळते म्हणून कोळंबी जास्त मोजली जाते. मऊ किडा तासाभरात नाहीसा होतो. आणि खाल्लेले सगळे अंगी लागतेच असेही नाही. बोयीच्या पोटात चिखलच चिखल निघतो, पण तिचे मांस चिखलातल्या नेमक्या कशापासून बनले हे पोट सांगत नाही.

उत्तर आले ते मत्स्यशास्त्राच्या बाहेरून. एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात, ही कल्पना सॉडी याने १९१३ साली मांडली. यांतले काही किरणोत्सर्गाने विघटित होतात, तर काही कायम टिकतात. टिकणाऱ्यांना आपण स्थिर समस्थानिके म्हणतो. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो, नायट्रोजनपैकी सुमारे ०.३७ टक्के नायट्रोजन-१५. हॅरॉल्ड युरी याने १९३१ साली जड हायड्रोजन शोधला, १९३४ साली त्याला नोबेल मिळाले, आणि १९४७ साली त्याने दाखवले की जड आणि हलके अणू रासायनिक क्रियांत अगदी सारखे वागत नाहीत. फरक दर हजारी काही एककांचा. तो मोजता येईल इतका सूक्ष्म मास स्पेक्ट्रोमीटर आल्फ्रेड नीर याच्या प्रयोगशाळेत तयार झाला. कार्बनचे मोजमाप ज्याच्याशी ताडायचे तो मूळ नमुना अमेरिकेतल्या पी डी नावाच्या खडकातला, माकुळासारख्या एका प्राण्याचा जीवाश्म होता. माशांच्या अभ्यासाचा गज एका जुन्या समुद्रजीवाचाच असावा, हा योगायोग मला आवडतो.

भूगर्भशास्त्रज्ञांनी ही यंत्रे आधी खडक आणि शिंपल्यांसाठी वापरली. मग कॅलिफोर्नियात मायकेल डीनायरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी प्राण्यांना ठरावीक अन्न देऊन त्यांची शरीरे तपासली. त्यांचा कार्बनवरचा निबंध १९७८ चा, नायट्रोजनवरचा १९८१ चा. कार्बनचे गुणोत्तर अन्नातून शरीरात जवळजवळ तसेच उतरते. म्हणजे ते अन्नाचे मूळ सांगते. नायट्रोजन मात्र प्रत्येक पायरीला जड होतो, कारण हलका नायट्रोजन उत्सर्गातून जास्त निघून जातो. जपानच्या मिनागावा आणि वाडा यांनी १९८४ साली ही वाढ सरासरी दर हजारी ३.४ एवढी काढली. शेवाळ खाणारा, त्याला खाणारा, त्याला खाणारा, अशी शिडी आता आकड्यांत मांडता आली.

खाडीच्या दृष्टीने यातून एक जुनी समजूत तपासली गेली. फ्लोरिडातल्या ओडम आणि हील्ड यांच्या कामानंतर असे धरले जाई की तिवरांची गळलेली पाने कुजून खाडीतले आणि जवळच्या समुद्रातले मासे पोसतात. तिवराच्या पानाचे कार्बन-मूल्य उणे २७-२८ च्या आसपास, समुद्रातल्या प्लवकांचे उणे २० ते २२. फरक स्पष्ट आहे. १९८४ साली मलेशियातल्या अभ्यासात दिसले की तिवराचा कार्बन खाडीच्या आत राहणाऱ्या प्राण्यांत सापडतो आणि बाहेर जावे तसा तो झपाट्याने संपतो. आपल्याकडे गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाच्या तिवरांत बेल्जियमच्या स्टीव्हन बुइयाँ यांनी आंध्र विद्यापीठाच्या ए. व्ही. रामन यांच्यासह काम केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातही तळाच्या प्राण्यांना पाण्यातल्या आणि चिखलावरच्या सूक्ष्म शेवाळांचा आधार मोठा असल्याचे दिसते. म्हणून तिवरे कमी महत्त्वाची ठरत नाहीत. पिल्लांना आडोसा लागतो, आणि आडोशाचा हिशेब कार्बनमध्ये उमटत नाही. तिवरतोडीचे समर्थन करायला कोणी हा निष्कर्ष वापरू लागला तर तो लबाडी करतो आहे, एवढे मी स्पष्ट म्हणेन.

आता मोहन्याकडे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनची स्थापना १९४६ ची. रेयॉनसाठी लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवावा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा काढण्याची त्या काळातली एक रूढ पद्धत पाऱ्याच्या घटांची होती. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात रसायनांचे कारखाने वाढत गेले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी १९८१ साली ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर निबंध लिहिला. २००३ साली अनिरुद्ध राम, झिंगडे आणि सहकाऱ्यांनी उल्हास खाडीच्या गाळातला पारा मोजला. आतल्या भागातल्या गाळात तो नैसर्गिक पातळीच्या खूप वर होता. मिनामाताचा आजार जपानमध्ये १९५६ सालीच उघड झाला होता, हे ध्यानात ठेवून या तारखा वाचाव्यात.

गाळातल्या पाऱ्याचे जिवाणू मिथिल पारा करतात, आणि तो नायट्रोजन-१५ सारखाच पायरीपायरीने चढतो. म्हणून माशाचा नायट्रोजन मोजला की पाऱ्याचा अंदाज बांधता येतो. पण या खाडीत एक अडचण आहे. सांडपाण्यातला नायट्रोजन मुळातच जड असतो, कारण हलका अमोनिया होऊन उडून जातो. नाल्याच्या तोंडाशी वाढलेली बोय खुल्या खाडीतल्या शिकारी माशाएवढी ‘वरच्या पायरीची’ भासू शकते. त्यासाठी आधी त्याच जागेची गोगलगाय किंवा कालव मोजून शून्य कुठे ते ठरवावे लागते. जोडीला गंधक घ्यावा. समुद्राच्या पाण्यातले सल्फेट जड, चिखलातले सल्फाइड हलके. त्यामुळे पाण्यावर पोसलेला आणि चिखलावर पोसलेला मासा वेगळा काढता येतो. आणि खुद्द पाऱ्याचीच सात स्थिर समस्थानिके आहेत. २००७ साली बर्गक्विस्ट आणि ब्लम यांनी दाखवले की मिथिल पाऱ्यावर ऊन पडले की त्यांचे प्रमाण विशिष्ट रीतीने बदलते, आणि ती खूण माशात टिकते.

राहण्याच्या जागेसाठी मी जिताड्याचे उदाहरण घेईन. तो खाडीच्या खाऱ्या मुखाशी जन्मतो, लहानपणी आत, गोड्या पाण्याकडे चढतो, नर म्हणून वयात येतो आणि मोठेपणी मादी होतो. त्याचे मांस काही महिन्यांचा हिशेब ठेवते, यकृत काही आठवड्यांचा. जन्मापासूनची वही मात्र कानातल्या खड्यात असते. त्या खड्यावर थरावर थर चढत जातात आणि एकदा बसलेला थर बदलत नाही. नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन समुद्रातल्यापेक्षा हलका, म्हणून मासा कोणत्या वयात गोड्या पाण्यात होता ते थर सांगतात. बंधारे बांधल्यावर ही चढण कुठे तुटली, याचा पुरावा अशा खड्यांत मिळू शकतो.

कारखान्यांच्या आधीची खाडी तपासायची तर जुना मासा हवा. तो कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांत, फॉर्मलिनच्या बरण्यांत शोधावा. फॉर्मलिनमुळे कार्बन थोडा हलका होतो, तेवढी दुरुस्ती करता येते. कोळसा आणि तेल जाळल्यामुळे हवेतलाच कार्बन गेल्या दीडशे वर्षांत हलका होत आला आहे, तीही वजावट धरावी लागते. बरणीवरची तारीख आणि गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी मात्र शाबूत हवी. मांस वाळवून एक मिलिग्रॅम भरले तरी पुरते.