ओसरीवरची पोरं

आमच्या बचतगटातल्या एका ताईंच्या सासूबाई दिवेलागणीला म्हणायच्या, "ओसरीवर पोरं बसलीत, त्यांना भाकरी दे." ओसरी रिकामी असायची. सकाळी मात्र त्या अगदी नीट बोलायच्या. घरच्यांनी अंगारेधुपारे केले, लिंबू उतरवलं. आम्हीही गप्प बसलो. हा मेंदूचा आजार आहे, हे फार उशिरा कळलं.

स्मृतिभ्रंश म्हटला की अल्झायमर हेच नाव कानावर येतं. त्याच अल्झायमर डॉक्टरांच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक लेवी काम करत. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत त्यांना पेशींमध्ये बारीक गोळे दिसले; १९१२ मध्ये त्यांनी ते मांडले. पुढे त्या गोळ्यांना लेवींचंच नाव पडलं. १९७६ मध्ये जपानचे डॉ. केंजी कोसाका यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मेंदूत, वरच्या थरातही हे गोळे दाखवले. हा आजार ओळखायचा कसा, हे देशोदेशीच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये मिळून ठरवलं.

खुणा लक्षात ठेवू या: नसलेली माणसं दिसणं, घटकेत शुद्ध तर घटकेत गोंधळ, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, चाल जड होणं. भास थांबवायची काही औषधं या रुग्णांना फार बाधतात. म्हणून औषध घेण्याआधीच डॉक्टरांना या सगळ्या खुणा सांगायच्या.

त्या ताई आता वाद घालत नाहीत. "पोरं जेवली हो," म्हणतात. सासूबाई शांत झोपतात. आणि आम्ही आता गप्प बसत नाही.