भिंत कोणाची, रंग कोणाचा?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या चाळीत एक वाद हमखास निघे. बिऱ्हाडकरूंना भिंतीला मनाजोगता रंग द्यायचा असे आणि घरमालक बजावी, "पांढऱ्या चुन्याखेरीज काही लावायचे नाही." तो वाद चाळीबरोबरच संपला, असे मी समजत होतो. पुढे तो हातातल्या फोनमध्ये पुन्हा भेटला. आणि तेथे तर वस्तू आपण रोख पैसे मोजून घेतलेली!

नोकियाच्या सिम्बियन फोनांवर रंग, चिन्हे, पार्श्वभूमी असा सारा साज बदलता येई. या साजालाच 'थीम' म्हणत. २९ जून २००७ रोजी अमेरिकेत आयफोन विक्रीस आला, तेव्हा मात्र त्याच्या चिन्हांमागे काळीभोर भिंत होती. तेथे आपल्या आवडीचे चित्र लावण्याची मुभा मिळायला २०१० साल उजाडावे लागले. हौशी मंडळी तोवर थोडीच थांबणार? त्यांनी फोनचे कुलूप काढले. याला 'जेलब्रेक' हे नाव पडले. २००८ साली जे फ्रीमन यांनी 'विंटरबोर्ड' हा प्रोग्रॅम लिहिला. त्याची युक्ती मोठी मौजेची होती. मूळ चित्र पुसायचे नाही. फोनने ते मागितले की मध्येच आपले चित्र त्याच्या हाती द्यायचे, एवढेच. अशी कुलुपे काढणे गुन्हा ठरावा काय, हा प्रश्न थेट कायद्यापर्यंत गेला आणि जुलै २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला सूट दिली.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली आला. त्याची मूळ संहिता खुली असल्यामुळे लोकांनी तीवरून स्वतःच्या आवृत्त्या रचल्या. त्यांतील 'सायनोजेनमॉड'च्या २०११ सालच्या सातव्या आवृत्तीत थीम बदलण्याची सोयच होती.

येथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. २०१४ साली आईला मी एक फोन घेऊन दिला. पांढऱ्यावर फिकी राखाडी अक्षरे, असा त्याचा थाट. आई तो उशाशी ठेवी, पण उघडीत नसे. विचारले तर म्हणे, "मला काय करायचंय त्यातलं?" तिला दिसत नव्हते, आणि तसे सांगायची लाज वाटत होती. हे माझ्या ध्यानात यायला दोन महिने लागले.

मग मी त्यावर सायनोजेनमॉड चढवले आणि थीम करायला बसलो. रंगांची यादी सोपी. प्रत्येक रंगाला नाव असते, त्यापुढे आपला आकडा लिहायचा. बटणांनी मात्र घाम फोडला. बटणाचे चित्र ताणले की त्याचे गोल कोपरे फाकत. चित्राभोवती एका ठिपक्याएवढी कडा ठेवून, कोणता भाग ताणावा हे तीवर काळ्या रेघेने दाखवायचे असते, हे मला फार उशिरा कळले. अखेर काळ्यावर ठळक पिवळी अक्षरे उमटली. आईने फोन हाती घेतला, क्षणभर न्याहाळला आणि मावशीचे नाव स्वतः शोधून तिला फोन लावला.

पुढे २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड बंद पडले. त्याचे काम 'लिनिएजओएस' या नावाने पुढे चालले. २०२० साली आयफोनवर लोक आपापली चिन्हे मांडू लागले. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये तर फोन भिंतीवरल्या चित्रातूनच रंग निवडू लागला. ठळक अक्षरांची सोयही आता फोनमध्येच असते. घरमालक निवळला म्हणायचा. मात्र रंगाचा डबा अजून त्याच्याच हाती आहे.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई मला म्हणाली होती, "अरे, आता हा फोन माझा वाटतो हो." पैसे तर मी आधीच मोजले होते. तो तिचा झाला तो त्या दिवशी.