जरीपटक्यातला शेजारी ‘परदेशी’ कसा? नागपुरात राहणाऱ्या परदेशी नागरिकांचं रोजचं जगणं

नागपुरातला परदेशी माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मिहानमध्ये कामासाठी आलेला गोरा इंजिनिअर येतो, नाहीतर ताडोब्याला निघालेला कॅमेरेवाला. पण इथे वर्षानुवर्षं राहणारे परदेशी बघायचे असतील, तर उत्तर नागपुरात जावं लागतं. जरीपटक्यात सकाळी दाल-पकवान खाताना तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा पासपोर्ट पाकिस्तानचा असू शकतो. तो बोलतो सिंधी, दुकान चालवतो इथल्याच बाजारात, आणि मे महिन्यातल्या उन्हाला शिव्याही आपल्यासारख्याच देतो.

मग तो परदेशी कसा?

1947 ला फाळणी झाली आणि सिंधमधली हजारो हिंदू कुटुंबं भारतात आली. त्यातली बरीच नागपुरात जरीपटका आणि खामल्यात वसली. ही मंडळी नागरिक झाली आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या तर पक्क्या नागपूरकर आहेत. पण सगळेच तेव्हा आले नव्हते. सख्खर, शिकारपूर, जेकबाबाद, घोटकी भागात राहिलेल्या नातेवाइकांपैकी अनेक जण पुढच्या काळात नातलगांना भेटायला किंवा तीर्थयात्रेला म्हणून व्हिसा काढून आले आणि थांबले. 2006 मध्ये सुरू झालेली थार एक्स्प्रेस सिंधहून येणाऱ्यांसाठी सोयीची होती. ऑगस्ट 2019 पासून ती बंद आहे.

म्हणजे काकाचं कुटुंब भारतीय आणि पुतण्याचं पाकिस्तानी, घर मात्र एकाच गल्लीत. खाणं तेच, चेटीचंडची मिरवणूक तीच. फरक फक्त कागदाचा.

हा कागद रोजच्या जगण्यात कुठे कुठे आडवा येतो?

सुरुवात पहिल्याच दिवशी होते. पाकिस्तानी नागरिकाला पोहोचल्यावर 24 तासांत नोंदणी करावी लागते. इतर देशांच्या लोकांना, व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर, सर्वसाधारणपणे 14 दिवस मिळतात. पाकिस्तानी माणसाच्या व्हिसावर शहरांची नावं असतात. म्हणजे नागपूरचा व्हिसा असेल तर उठून पुण्याच्या लग्नाला जाता येत नाही.

कायम राहायचं असेल तर लागतो एलटीव्ही, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांसाठी 2016 मध्ये केंद्र सरकारने यातल्या अटी बऱ्याच सैल केल्या. बँक खातं, पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, राहण्यापुरतं घर आणि पोटापाण्याचा व्यवसाय, एवढ्या गोष्टींना मुभा मिळाली. त्याआधी साधं खातं उघडायलाही नातेवाइकाच्या नावाचा आधार घ्यावा लागायचा. दुकान चालवणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, यातून नात्यात काय काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

पण एलटीव्ही कायमचा नसतो, मुदत संपण्याआधी तो वाढवून घ्यावा लागतो. पासपोर्टची मुदत संपली तर तो मिळतो दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयात, म्हणजे नागपूरपासून हजार किलोमीटरहून लांब. आणि मागे राहिलेली आई आजारी पडली, तर जाण्याआधी परत येण्याचा वेगळा व्हिसा हातात हवा. तो न घेता गेलं तर बायको-पोरं इकडे आणि आपण तिकडे.

सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट मुलांची आहे. डागा हॉस्पिटलमध्ये जन्मलेलं मूल भारतीयच, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायला आई-वडिलांपैकी एक जण भारतीय असावा लागतो, आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. दोघंही पाकिस्तानी नागरिक असतील, तर नागपूरबाहेर कधी न गेलेलं पोरगंही कायद्याने परदेशीच.

शिकलेल्यांची अडचण वेगळी. सिंधमध्ये डॉक्टर झालेल्या माणसाला इथे प्रॅक्टिस करता येत नव्हती. ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या अशा डॉक्टरांकडून नोंदणीसाठी अर्ज मागवले. तोपर्यंत अनेकांच्या उमेदीची वर्षं निघून गेली होती.

नागरिकत्व मिळतं तरी कसं?

साध्या मार्गाने मिळवायचं तर आधीच्या 14 वर्षांतली 11 वर्षं आणि शेवटचे सलग 12 महिने भारतात राहिलेलं असावं लागतं. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने काही मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना असे अर्ज निकाली काढायचे अधिकार दिले. त्यात नागपूर होतं. त्यामुळे फाइल दिल्लीत अडकून बसायचा प्रकार इथे थोडा कमी झाला.

मग आला सीएए. कायदा 2019 चा, नियम निघाले 11 मार्च 2024 ला. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी 11 वर्षांची अट 5 वर आली. मुस्लिमांना वगळल्यामुळे या कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हानही दिलं गेलं. पुरावा म्हणून मुदत संपलेला पासपोर्ट, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद यातलं काहीही चालतं. कागद तपासणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुख कोण असतात, तर पोस्टाचे अधीक्षक. हो, पोस्टाचेच.

एक अट भाषेची आहे. आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा नीट यायला हवी. 1967 च्या घटनादुरुस्तीने सिंधी त्या यादीत आली, त्यामुळे इथे तरी या मंडळींना काही नवं शिकावं लागत नाही. लिपीचं मात्र तसं नाही. तिकडे शाळेत सिंधी अरबी वळणाच्या लिपीत शिकवतात, इथली तरुण सिंधी पोरं देवनागरीत वाचतात. तिकडून आणलेला दाखला वाचून घ्यायला मग गल्लीतले फाळणीच्या पिढीतले आजोबाच शोधावे लागतात.

2015 नंतर आलेल्यांना सीएए लागू नाही. त्यांना एलटीव्हीवर थांबून जुन्याच वाटेने जायचं आहे. 22 एप्रिल 2025 ला पहलगामचा हल्ला झाला आणि सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, तेव्हा या घरांमध्ये काय धाकधूक झाली असेल! हिंदूंचे एलटीव्ही कायम राहतील, असा खुलासा पाठोपाठ आला. पण अटारीची वाट बंद झाली आणि नव्याने येणं थांबलं.

जरीपटक्याला लागूनच इंदोरा आहे. तिथल्या बुद्ध विहाराशी जोडलेलं नाव म्हणजे भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई. जन्म 1935 चा, जपानमधला. 1966 मध्ये ते भारतात आले आणि पुढे नागपूरचेच झाले. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. पण भाषा, पेहराव, खाणं सगळं आपलंसं करूनही व्हिसाच्या मुद्द्यावर त्यांना देशाबाहेर काढायची वेळ आली होती. लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि 1987 मध्ये त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं. 2003 मध्ये तेच राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर बौद्धांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

आता तुमच्या कामाचं. घर परदेशी माणसाला भाड्याने दिलं, किंवा परदेशी पाहुणा मुक्कामाला ठेवला, तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात. हा नियम पाकिस्तानी नागरिकापुरता नाही. अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेला तुमचा भाचा भाड्याने राहायला आला, तरी तो परदेशीच धरला जातो. भाडेकरूकडे एलटीव्ही असेल तर त्याची मुदत बघा आणि प्रत जवळ ठेवा. फॉर्म भरला नाही तर घरमालकावर कारवाई होऊ शकते आणि भाडेकरूच्या पुढच्या मुदतवाढीलाही अडचण येते.