मुलीच्या नावातील मधली जागा

मुलीचे नाव ठेवावयाचे म्हणजे घरात केवढा खल होतो! आत्याची आवड, आजीची इच्छा, जन्मनक्षत्राचे आद्याक्षर, या साऱ्यांचा मेळ घालता घालता बाराव्या दिवसाचा पाळणा येऊन ठेपतो. परंतु त्या नावापुढे जो दुसरा शब्द यावयाचा, त्याविषयी कोणी चर्चा करीत नाही. तेथे बापाचे नाव आपोआप जाऊन बसते. मुलाच्या बाबतीत ते जन्मभर टिकते. मुलीच्या बाबतीत मात्र ती जागा आजवर लग्नापुरतीच राखीव असे. पुढे तेथे पतीचे नाव येई. या लहानशा जागेचा इतिहास पाहू गेल्यास तो वाटतो तितका सरळ नाही.

आपल्या शास्त्रकारांनी मुलीच्या नावाचा विचार बारकाईने केला आहे. ते उच्चारावयास सुलभ असावे, कठोर नसावे, अर्थ स्पष्ट व मंगल असावा, शेवटी दीर्घ स्वर यावा, असे मनुस्मृती सांगते. पारस्कर गृह्यसूत्राने तर अक्षरांची संख्या विषम असावी असाही दंडक घातला. रेवती, यमुना, मालती ही नावे या कसोटीस सहज उतरतात. मात्र हे सारे नियम पहिल्या नावाचे आहेत. नावासोबत कोणाचा निर्देश करावयाचा, हा प्रश्न वेगळा. आणि त्याचे उत्तर प्राचीन काळी नेहमीच 'बापाचा' असे नव्हते.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक प्रसिद्ध शिलालेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तो गौतमी बलश्री या राजमातेने कोरविला. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र. दोघांचीही ओळख आईवरून. वैयाकरण पाणिनीलाही पतंजलीने 'दाक्षीपुत्र' म्हटले आहे, आणि बृहदारण्यक उपनिषदाच्या अखेरच्या वंशावळीत आचार्यांची नावे मातेवरून दिली आहेत. हे वाचून आपल्याला अभिमान वाटतो. परंतु एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. 'गौतमी', 'वासिष्ठी' ही त्या स्त्रियांची स्वतःची नावे नव्हेत, ती गोत्रनामे होत. बलश्री हे त्या राजमातेचे खरे नाव. ते मुलाच्या नावात आले नाही. म्हणजे आईच्या नावाने ओळख सांगतानाही पुढे आले ते तिचे गोत्र.

मराठी दप्तरांत ही जागा कशी भरली जाई, हे जुन्या कागदांवरून दिसते. पुरुषाच्या नावापुढे 'बिन' किंवा 'वलद' लिहून बापाचे नाव येई. विवाहित स्त्रीच्या नावापुढे 'कोम' किंवा 'जौजे' लिहून नवऱ्याचे. पेशव्यांपैकी थोरले बाजीराव आणि थोरले माधवराव हे दोघेही 'बल्लाळ' म्हणविले गेले, कारण दोघांच्याही वडिलांचे नाव बाळाजी. पुरुषाचे मधले नाव वंश सांगत होते, स्त्रीचे मधले नाव आश्रय सांगत होते.

एकोणिसाव्या शतकात तर मुलीच्या मधल्या नावाबरोबर पहिलेही बदले. तबकातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरची ओळख पुसली जाई. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या आनंदीबाई गोपाळराव जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाईही माहेरच्या यमुनाच. 'स्मृतिचित्रे'कर्त्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी ज्या बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्या पुढे आनंदीबाई झाल्या. बाप, पहिला पती आणि दुसरा पती असे तिघांचे नाव त्यांच्या एकाच जन्मात त्या जागेवर येऊन गेले.

याला एक निराळे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या कन्येचे. रमाबाईंनी १८८० साली एका बंगाली गृहस्थांशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी तिचे वडील निवर्तले. १८८३ साली आई मुलीला घेऊन इंग्लंडास गेली. तेथे वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला आणि मुलगी 'मनोरमा मेरी' झाली. ते मधले नाव बापाचे नव्हते, पतीचेही नव्हते. मनोरमाबाई अविवाहित राहिल्या व १९२१ साली वारल्या. ते नाव बदलण्याचा प्रसंगच आला नाही. ते नव्या धर्माने दिलेले होते, स्वतः निवडलेले नव्हते, हे खरे. तरी मराठी मुलीच्या नावातील ती जागा दुसऱ्या कशानेही भरू शकते, हे त्यावरून दिसून आले.

आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांना हा प्रश्न अधिक जाणवतो. गुजरातेत बापाचे नाव मध्ये येते, म्हणून तेथे आपली रीत सहज समजते. तामिळ मुलुखात बापाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागते. उत्तरेत मधली जागा 'कुमारी' किंवा 'देवी' अशा शब्दांची. तेथे एखाद्या मराठी मुलीच्या नावात पुरुषाचे नाव पाहून शेजारी चकित होतात. शिवाय कचेरीतल्या कागदांशी आमचा रोजचा संबंध. जन्मनोंदणीच्या १९६९च्या कायद्याखालील नियमांनुसार बाळाचे नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क नोंदविता येते, त्यानंतर विलंबशुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, त्या दिवशी वा नंतर जन्मलेल्यांसाठी, शाळाप्रवेशापासून सरकारी नेमणुकीपर्यंत जन्मदाखलाच प्रमाण ठरविला आहे. पाळण्यातला शब्द आता आयुष्यभराच्या कागदांत उतरतो. तो मागून बदलावयाचा तर प्रतिज्ञापत्र, जाहिरात, राजपत्र अशी वाट चालावी लागते. आणि ही वाट पुरुषांपेक्षा विवाहित स्त्रियांच्याच वाट्याला अधिक येते. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती मात्र कोणत्याही कायद्याने केलेली नाही.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय केला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहावे. बलश्रीच्या काळी जे झाले नाही ते यात आहे: आईचे गोत्र नव्हे, तिचे स्वतःचे नाव. विवाहित स्त्रीसाठी मात्र पतीचे नाव लावण्याची रूढ पद्धत त्या निर्णयाने पुढे चालू ठेवली. म्हणजे मुलीच्या नावात आलेली आई लग्नाच्या दिवशी पुन्हा बाहेर पडण्याची शक्यता उरतेच.

हा निर्णय महाराष्ट्राचा. आमच्या मुली जेथे जन्मतात तेथे तो लागू नाही. येथे आईबापांनीच ठरवावयाचे. आमचे मत असे, की मधले नाव निवडताना प्रथम ते पहिल्या नावासह मोठ्याने उच्चारून पाहावे; एकाचे अंत्य अक्षर व दुसऱ्याचे आद्य अक्षर एकमेकांत अडखळू नये. दुसरे, ते शाळेच्या पटापासून निवृत्तिवेतनाच्या कागदापर्यंत एकाच रीतीने लिहिता येईल असे असावे. आणि तिसरे व मुख्य हे, की आईचे असो, बापाचे असो वा दोघांचे, ते मुलीला लग्नात उतरवून ठेवावे लागणार नाही, असे घरच्यांनी पाळण्यापाशीच ठरवावे. पहिल्या नावास शोभणारे मधले नाव तेच, जे त्या नावाबरोबर शेवटपर्यंत राहते.