चेतकला कॅमशाफ्ट नव्हता

गेल्या पावसाळ्याआधी दोन रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये घालवून मी आणि बाबांनी घरच्या जुन्या गाडीचे दोन्ही कॅमशाफ्ट बदलले. चूक आमचीच होती. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, ऑइल बदलायचं राहून गेलं, आणि इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक ऐकू यायला लागली तरी आम्ही ती दोन महिने ऐकून न ऐकल्यासारखी केली. शेवटी वरचं कव्हर काढलं, तर एका शाफ्टचे दोन लोब झिजून बोथट झालेले आणि दुसऱ्यावर ओरखडे.

बाबांची सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या मशीन शॉपमध्ये गेली. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, पण रोजचं काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे पाना कोणाच्या हातात आणि टॉर्च कोणाच्या, हे ठरवावं लागलं नाही. पण कव्हर बाजूला ठेवताना बाबा म्हणाले, "घरी कॅमशाफ्टला हात लावायची ही पहिलीच वेळ." मला नवल वाटलं. लहानपणापासून त्यांना दर सुट्टीला काही ना काही उघडून बसलेलं पाहिलंय. त्यावर ते म्हणाले, "उघडायचो ती स्कूटर. चेतकला कॅमशाफ्ट होताच कुठे?"

हे वाक्य डोक्यातून जाईना. ज्या शहराची ओळखच इंजिन, त्याच्या सगळ्यात गाजलेल्या इंजिनात हा भाग नव्हताच.

कॅम ही कल्पना तशी जुनी. पाणचक्कीच्या आसाला लाकडी खुंट्या बसवायच्या. आस फिरला की खुंटी मुसळाला उचलते आणि सोडून देते, मुसळ उखळात आदळतं. गोल फिरण्याचं वर-खाली होण्यात रूपांतर, इतकंच. अल-जझारीने १२०६ मध्ये पुरा केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात कॅम बसवलेले आस आहेत. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटोचं फोर स्ट्रोक इंजिन चाललं आणि या कल्पनेला नवं काम मिळालं. फोर स्ट्रोकमध्ये हवा आत घेणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर काढणं यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायला हवा, म्हणून कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. आमच्या लोबने किती कोटी वेळा हे केलं असेल, याचा हिशोब मी पार्किंगमध्ये मांडायला लागलो तेव्हा बाबांनी टॉर्च नीट धरायला सांगितलं.

टू स्ट्रोकला यातलं काहीच लागत नाही. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. पिस्टन वर-खाली जाताना त्या उघडतो आणि झाकतो. व्हॉल्व्ह नाहीत, त्यांच्या स्प्रिंगा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, त्याला फिरवणारी चेन नाही. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर आधी पियाजिओच्या परवान्यावर बनत होत्या. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. पुढची कितीतरी वर्षं ती नंबर लावून घ्यावी लागायची. मुलगी लहान असताना नंबर लावला आणि तिच्या लग्नात स्कूटर मिळाली, हा विनोद आमच्या घरातही चालायचा.

या इंजिनाने शहराला एक वेगळंच शिक्षण दिलं, असं मला वाटतं. निगडी, चिंचवड, भोसरीच्या चाळींत आणि बैठ्या घरांत रविवारी सकाळी स्कूटर आडवी करून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, हेडचे नट खोलून पिस्टनवरचा कार्बन खरवडायचा, सायलेन्सर साफ करायचा. दुपारच्या जेवणाआधी गाडी पुन्हा सुरू. चुकलं तरी फार बिघडायचं नाही, कारण जुळवायला फारसं काही नव्हतंच. कारखान्यात तोच भाग हजारोंनी बनवणारा माणूस घरी तोच भाग हातात घ्यायचा. अशी जोडी जगात फार ठिकाणी जमली नसावी.

पण तिला किंमत होती. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळून निळा धूर व्हायचा, आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जायचं. धारूहेड्याची हिरो होंडा १९८५ पासून चार स्ट्रोकची मोटरसायकल विकत होती आणि तिच्या ॲव्हरेजपुढे स्कूटर फिकी पडायला लागली. कावासाकीच्या साथीने बजाजनेही १९९१ मध्ये फोर एस चॅम्पियन आणली. प्रदूषणाचे नियम १९९६ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये कडक झाले. २००१ मध्ये पल्सर आली, तोवर चाकणचा कारखानाही उभा राहिला होता. जुनी चेतक २००५-०६च्या सुमारास थांबली, २००७ मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन बंद झालं आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटरच सोडली. दरम्यान १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली होती. तिच्या डिझेल इंजिनाचं नाव ४७५, म्हणजे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटर बोअर. त्याच्या डोक्यावर एक कॅमशाफ्ट, पट्ट्यावर फिरणारा. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत पहिली चारचाकी हीच होती.

हे शाफ्ट बनवणारं एक मोठं नाव मात्र आमच्या पट्ट्यातलं नाही, सोलापूरचं आहे. गिरण्या आणि चादरींच्या त्या गावात १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू झाली आणि पुढे परदेशातल्या मोठ्या मोटार कंपन्यांना माल पुरवायला लागली. त्यांच्या कामातला एक प्रकार म्हणजे चिल्ड कास्ट आयर्न. साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. वितळलेलं लोखंड तिथे झटकन थंड होतं आणि वरचा थर पांढरा, अतिशय कठीण होतो. मधला भाग सावकाश थंड झाल्याने मशीनवर कापण्याजोगा राहतो. झीज सोसायला हे उत्तम, पण असा शाफ्ट वाकत नाही, तो तुटतो.

म्हणूनच घरी हे काम करताना भीती वाटते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा शाफ्टला खालून सतत वर ढकलत असतात. बेअरिंगच्या टोप्यांचे बोल्ट एका बाजूने सोडत गेलं तर सगळा जोर दुसऱ्या टोकाला येतो आणि शाफ्टचे दोन तुकडे होतात. त्यामुळे बाहेरून आत, प्रत्येक बोल्ट पाव-पाव फेरा, सगळ्यांवरून पुन्हा पुन्हा. टोप्यांवर नंबर असतात, कारण त्या हेडबरोबरच बोअर केलेल्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. चेनवर आणि गिअरवर आम्ही आईच्या नेलपॉलिशने खुणा केल्या. शाफ्ट जागेवर अडकवून ठेवायचं खास टूल महाग होतं, तेव्हा बाबांनी भोसरीत जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर एक पिन बनवून घेतली. पिनेचे पैसे त्याने घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

नवे शाफ्ट बसवताना लोबना भरपूर ऑइल लावलं, बोल्ट टॉर्क रेंचने त्याच शिस्तीत, पण आतून बाहेर आवळले. फीलर गेजने गॅप तपासल्या. दोन ठिकाणी शिम बदलावी लागली आणि त्यात दुसरा रविवार गेला. मग सगळ्यात महत्त्वाचं काम: स्टार्टर न मारता पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कॅमचा तेव्हा एक फेरा होतो आणि पुलीच्या व कॅम-गिअरच्या खुणा हेडवरच्या खुणांसमोर परत यायला हव्यात. चेन एक दात जरी चुकली असेल आणि कुठे अडलं, तर ते हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही, तो व्हॉल्व्ह वाकवून मोकळा होतो. बाबांनी पाना माझ्या हातात दिला. पहिला फेरा जड गेला, दुसऱ्यात मला हात थांबवावासा वाटला, पण खुणा समोरासमोर आल्या. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. टकटक नव्हती.

हा सगळा आटापिटा चालू असताना तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा शेजारी त्याची स्कूटर चार्जिंगला लावत होता. चेतकच, पण २०२० मध्ये परत आलेली, विजेवरची. जून २०२२ पासून ती आकुर्डीतल्या नव्या कारखान्यातही बनते, म्हणजे जिथून जुनी निघायची त्याच गावात. हिच्यातही कॅमशाफ्ट नाही. सोलापूरच्या कंपनीनेही २०१८ मध्ये इमॉस या विजेवरचे ट्रक बनवणाऱ्या डच कंपनीत मोठा हिस्सा घेतला. त्यांना वारं कोणत्या दिशेचं आहे ते कळलेलं दिसतं. चाकण आणि भोसरीत एकाच भागावर पोट असलेली छोटी वर्कशॉपं पुष्कळ आहेत, त्यांना अशी खरेदी जमणारी नाही. बाबांच्या त्या सहकाऱ्याकडच्या तीन लेथपैकी दोनच चालू असतात.

हात पुसता पुसता बाबा त्या स्कूटरभोवती एक चक्कर मारून आले. खाली वाकून पाहिलं, बाजूचं पॅनल बोटाने ठोकलं. पत्र्याचं आहे, म्हणाले, हे बरं केलं. मग त्या मुलाला विचारलं, "रविवारी हिचं काय उघडतोस?"

"काही नाही काका," तो म्हणाला. "ॲप अपडेट करतो."